२१४७४८३६४७ : न फुटणारी संख्या

आधी ही संख्या एकदा मोठ्यानं वाचा बरं: २,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. जमलं एका दमात?

आता हिला फोडायचा प्रयत्न करू. शेवटचा अंक ७ आहे, म्हणजे २ ने भाग जाणार नाही आणि ५ नेही नाही. ३ ची कसोटी तुम्हाला शाळेत शिकवली आहे. सगळ्या अंकांची बेरीज करा: २+१+४+७+४+८+३+६+४+७ = ४६. ४६ ला ३ ने भाग जात नाही, त्यामुळे या संख्येलाही जात नाही. ७ ने भागून बघा, बाकी १ उरते. ११ ने भागा, पुन्हा १ च. १३ ने भागलं तर १०, १७ ने ८, १९ ने २. दरवेळी काहीतरी उरतंच.

असंच २३, २९, ३१ करत कितीही पुढे गेलात, तरी हिला पूर्ण भाग जाणारी संख्या सापडणार नाही. १ ने भाग जातो आणि तिनं स्वतःनंच स्वतःला जातो, बस्स. म्हणजे ही मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ यांच्याच घराण्यातली, फक्त फार लांब राहणारी.

तिचे शेजारी मात्र कसे आहेत बघा. तिच्या अलीकडची संख्या २१४७४८३६४६. तिचे तुकडे होतात २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. किती बारीक भुगा! आणि पलीकडची २१४७४८३६४८? ती तर नुसत्या २ चीच बनली आहे. ३१ वेळा २ घ्या, सगळ्यांचा गुणाकार करा, की झाली. दोन्हीकडचे शेजारी असे पटापट फुटणारे, आणि मधली ही एकटी अभंग. मला याचं दर वेळी नव्यानं नवल वाटतं.

पलीकडच्या शेजाऱ्याकडे जरा नीट बघू, कारण आपल्या संख्येचं खरं रूप तिथूनच दिसतं. २ × २ × २ × … असं ३१ वेळा केलं, की त्याला २ चा ३१ वा घात म्हणतात. त्यातून १ वजा केला, की आपली संख्या मिळते.

बुद्धिबळ शोधणाऱ्या माणसाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्यानं राजाकडे धान्य मागितलं: पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, चौथ्यात ८, असं प्रत्येक घरात दुप्पट. पट अजून अर्धाही भरलेला नसताना, ३१ व्या घराशी आपण थांबू आणि तोवरचे सगळे दाणे मोजू. बरोबर २,१४,७४,८३,६४७! आणि पुढच्या एकट्या ३२ व्या घरात किती? आधीच्या सगळ्या घरांत मिळून जेवढे झाले, त्याहून एक जास्त. विश्वास बसत नसेल तर छोट्यावर करून बघा: १+२+४ = ७, आणि पुढच्या घरात ८.

संगणक संख्या लिहितो ती फक्त ० आणि १ वापरून. त्या पद्धतीत ७ लिहितात १११, कारण ७ म्हणजे ४+२+१. १५ म्हणजे ११११. मग १+२+४+८+… अशी ३१ घरांची बेरीज कशी लिहायची? ३१ वेळा १:

११११११११११११११११११११११११११११११११

नुसते एक, एकापुढे एक! दशांश पद्धतीत अस्ताव्यस्त दिसणारी आपली संख्या इथं इतकी शिस्तीत उभी आहे.

या एकांच्या रांगेत एक गंमत लपली आहे. समजा रांगेत ६ एक आहेत: ११११११, म्हणजे ६३. या रांगेचे दोन सारखे तुकडे पाडता येतात, १११ आणि १११. म्हणून ६३ ला १११ ने, म्हणजे ७ ने, भाग जातो. तीन सारखे तुकडेही पडतात, ११, ११ आणि ११. म्हणून ३ नेही भाग जातो. रांगेचे सारखे तुकडे पडले, की संख्या फुटलीच समजा. तेव्हा संख्या मूळ हवी असेल, तर रांगेची लांबीसुद्धा मूळ संख्याच असायला हवी. ३१ ही मूळ संख्या आहे, तिचे सारखे तुकडे पडत नाहीत. पहिला पहारा तर आपण पार केला.

पण थांबा, एवढ्यानं काम होत नाही. ११ हीसुद्धा मूळ संख्या आहे, पण ११ एकांची रांग म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. फुटली की! मग रांगेची लांबी मूळ असताना कधी संख्या मूळ निघते आणि कधी नाही? या एका प्रश्नानं माणसांना काही शतकं कामाला लावलं आहे.

इटलीतल्या बोलोन्या शहरात पिएत्रो कातालदी नावाचे गणिती होते. १५८८ साली त्यांनी १७ एकांची रांग (१३१०७१) आणि १९ एकांची रांग (५२४२८७) या दोन्ही मूळ आहेत हे भागाकार करकरून दाखवलं. त्यासाठी त्यांनी आधी ७५० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी तयार केली होती. ७५० पर्यंतच का? कारण ५२४२८७ चं वर्गमूळ सुमारे ७२४ आहे. एखादी संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर त्यातली लहान संख्या वर्गमूळापेक्षा मोठी असूच शकत नाही. दोन्ही मोठ्या असत्या तर गुणाकार पलीकडे गेला असता. म्हणून वर्गमूळापर्यंत तपासलं की पुरे.

पुढे कातालदींनी २३, २९, ३१ आणि ३७ एकांच्या रांगाही मूळ असतील असं लिहून ठेवलं. त्यांच्यानंतर पॅरिसमध्ये मारँ मर्सेन नावाचे एक धर्मगुरू होऊन गेले. देकार्त, फर्मा अशा त्या काळातल्या मोठमोठ्या विद्वानांशी त्यांचा सतत पत्रव्यवहार चाले. एकाचं पत्र आलं की त्यातली बातमी दुसऱ्याला कळवायची, त्याचा प्रश्न तिसऱ्याला घालायचा. विज्ञानाची मासिकं निघायच्या आधीच्या त्या काळात हे मोठंच काम होतं. मर्सेन यांनी १६४४ साली एक यादी छापली: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. इतक्या लांबीच्या रांगा मूळ, २५७ पर्यंतच्या बाकी सगळ्या फुटणाऱ्या. या यादीत पाच चुका होत्या. ६७ आणि २५७ त्यात असायला नको होते, आणि ६१, ८९, १०७ हे राहून गेले होते. तरीसुद्धा अशा मूळ संख्यांना आज मर्सेन मूळ संख्या म्हणतात, आणि मला ते योग्य वाटतं. यादी चुकीची का असेना, तिनं पुढच्यांना तपासायला काहीतरी दिलं.

दोघांच्याही यादीत ३१ होता. पण तो नुसता अंदाज. सिद्ध कुणी केलं होतं?

करायचं म्हटलं तर काय करावं लागलं असतं ते बघा. २१४७४८३६४७ चं वर्गमूळ ४६३४० आणि वर थोडं. म्हणजे ४६३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून बघायचं. अशा ४७९२ मूळ संख्या आहेत. दहा अंकी संख्येचे ४७९२ भागाकार, तेही हातानं, आणि एकही चुकवायचा नाही! रोज दहा केले तरी सव्वा वर्षाहून जास्त लागेल.

आता आपण रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात जाऊ. साल १७७२. तिथं लिओनार्ड ऑयलर राहत होते. जन्म स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावचा, १७०७ चा, म्हणजे आता वय पासष्टीला आलेलं. एका डोळ्यानं दिसणं तरुणपणीच जवळजवळ बंद झालं होतं. दुसऱ्यात पुढे मोतीबिंदू झाला, शस्त्रक्रिया केली, पण तिचा उपयोग टिकला नाही. त्यातच १७७१ साली शहरात मोठी आग लागली आणि ऑयलर यांचं घर जळालं. कुणीतरी आत शिरून त्यांना बाहेर काढलं म्हणून ते वाचले. अशा माणसानं गणित थांबवलं असेल असं वाटतं ना? ऑयलर उलट जास्तच भराभर काम करू लागले. डोक्यात गणित मांडायचं, आणि जवळच्यांना तोंडी सांगून लिहून घ्यायचं.

१७७२ साली बर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला पाठवलेल्या पत्रात त्यांनी सांगितलं: २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे, तपासून झालं. ४७९२ भागाकार त्यांनी केले नाहीत. मग केलं काय? हा भाग जरा सावकाश वाचा, कागद-पेन्सिल जवळ घ्या. इथंच सगळी मजा आहे.

२३ ही संख्या घ्या. २ ची दुप्पट करत जा, आणि २३ च्या वर गेलं की २३ ने भागून बाकी तेवढी ठेवा. २, ४, ८, १६, मग ३२ ऐवजी ९, मग १८, मग ३६ ऐवजी १३, मग ३, ६, १२, आणि मग २४ ऐवजी १. पुढे? पुन्हा २, ४, ८, १६… तेच चक्र. या चक्रात किती पायऱ्या आहेत मोजा. ११! म्हणूनच २ च्या ११ व्या घाताला २३ ने भागलं की बाकी १ उरते, आणि तो १ वजा केला की २३ ने पूर्ण भाग जातो. २०४७ ला २३ ने भाग का जातो ते कळलं ना?

याच्या आधी, १६४० साली, फर्मा यांनी एक सुंदर नियम सांगितला होता. फर्मा हे तुलूज शहरात न्यायालयात काम करायचे आणि गणित आवडीनं करायचे. नियम असा: २ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या. त्या संख्येतून १ वजा करा, आणि तितक्या पायऱ्यांनी दुप्पट करत गेलात की बाकी १ येणारच. २३ साठी २२ पायऱ्यांनी १ यायलाच हवा. येतो का? हो, कारण ११ पायऱ्यांचं चक्र दोनदा फिरलं की २२. चक्र २२ मध्ये नेमकं बसलं पाहिजे, अर्धवट राहून चालणार नाही.

आता हाच धागा आपल्या संख्येला लावू. समजा २१४७४८३६४७ ला एखाद्या मूळ संख्येनं भाग जातो. त्या चोर-संख्येला आपण ‘च’ म्हणू. भाग जातो म्हणजे ३१ पायऱ्यांनी बाकी १ येते. ३१ मूळ असल्यामुळे चक्र त्याहून लहान असू शकत नाही, ते ३१ चंच. आणि फर्मांच्या नियमानं ते चक्र ‘च’ वजा १ मध्ये नेमकं बसायला हवं. म्हणून च − १ हा ३१ च्या पाढ्यात हवा. शिवाय ‘च’ विषम आहे, तेव्हा च − १ सम. म्हणजे तो ६२ च्या पाढ्यात हवा! चोर सापडायचा तर तो ६३, १२५, १८७, २४९, ३११… अशा संख्यांमध्येच सापडेल. बाकी सगळ्या निर्दोष सुटल्या. ४६३४० पर्यंत अशा संख्या फक्त ७४७ आहेत.

ऑयलर इथंही थांबले नाहीत. दुसरी चाळणी लावली. २ च्या ३१ व्या घाताची बाकी १, तर ३२ व्या घाताची बाकी २. पण ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे ‘च’ अशी संख्या हवी, की जिनं कुठल्यातरी वर्गाला भागल्यावर २ उरतात. ७ चालते: ३ चा वर्ग ९, बाकी २. २३ चालते: ५ चा वर्ग २५, बाकी २. १७ चालते: ६ चा वर्ग ३६, बाकी २. पण ११ घ्या. १, ४, ९, १६, २५… कोणताही वर्ग घ्या, ११ ने भागून २ कधीच उरत नाहीत. १३ चंही तसंच. ज्या मूळ संख्यांना ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरतात त्याच चालतात, ३ किंवा ५ उरतात त्या चालत नाहीत. ७, १७, २३, ३१ तपासून बघा.

दोन्ही चाळण्या एकावर एक ठेवल्या, की उरतात फक्त दोन प्रकारच्या संख्या: २४८ च्या पाढ्यात १ मिळवलेल्या, किंवा २४८ च्या पाढ्यात ६३ मिळवलेल्या. ४६३४० पर्यंत त्या भरतात ३७३. त्यातही ज्या स्वतःच फुटतात त्यांना तपासायचं कारण नाही. ६३ तर ७ × ९ आहे, २४९ मध्ये ३ आहे, ४९७ मध्ये ७. खरी पहिली संशयित ३११, दुसरी १३०३, तिसरी १४८९. अशा वेचत गेलं की शंभरसुद्धा उरत नाहीत.

कुठे ४७९२ आणि कुठे शंभराच्या आत! उरलेले भागाकार मात्र करावेच लागले. ३११ चा तुम्ही करून बघा: भागाकार ६९,०५,०९२ येईल आणि बाकी ३५. शेवटपर्यंत प्रत्येकाची काही ना काही बाकी उरलीच. चोर नव्हताच. कातालदींच्या चार रांगांपैकी ही एकटीच खरी निघाली. २३ ची रांग ४७ ने फुटते, २९ ची २३३ ने, ३७ ची २२३ ने. गंमत म्हणजे या तिन्ही भाजकांना फर्मांचा नियम लागू आहे: ४६ ही २३ च्या पाढ्यात, २३२ ही २९ च्या, २२२ ही ३७ च्या.

त्यानंतर पाऊणशे वर्षांहून जास्त काळ २१४७४८३६४७ हीच माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. आणि तिच्यामागून आणखी एक संख्या आली. ६ चे, खुद्द ६ सोडून, विभाजक १, २, ३, त्यांची बेरीज ६. २८ चे तसेच विभाजक १, २, ४, ७, १४, त्यांची बेरीज २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. युक्लिडनं दोन हजार वर्षांपूर्वीच दाखवून ठेवलं होतं, की एकांची रांग मूळ निघाली की तिच्यापासून परिपूर्ण संख्या बनवता येते. रांगेला, तिच्या शेवटच्या घरातल्या दाण्यांनी गुणायचं. १११ म्हणजे ७, तिसऱ्या घरात ४ दाणे, ७ × ४ = २८. ३१ घरांच्या रांगेपासून मिळाली २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. ही आठवी परिपूर्ण संख्या.

पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८११ च्या आपल्या पुस्तकात या परिपूर्ण संख्येबद्दल लिहिलं, की याहून मोठी कधीच कुणी शोधणार नाही. अशा संख्या फक्त कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, मग इतके कष्ट कोण घेईल? बार्लो हुशार माणूस होता, त्यानं तयार केलेले गणिती तक्ते पुढे कितीतरी वर्षं लोक वापरत होते. पण कुतूहलाचं बळ त्यानं कमी मोजलं. अमेरिकेतल्या जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली एक प्रकल्प सुरू केला. जगभरातले लोक आपल्या संगणकाचा रिकामा वेळ मर्सेन मूळ संख्या शोधायला देतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यातल्या ल्यूक ड्युरंट यांना १३,६२,७९,८४१ एकांची रांग मूळ असल्याचं सापडलं. दशांश पद्धतीत ती लिहायची तर ४ कोटी १० लाखांहून जास्त अंक लागतात. आपल्या संख्येला दहाच लागतात!

आणि उपयोगाचं म्हणाल, तर आपली संख्या आज तुमच्या घरातही कुठेतरी असेल. कितीतरी संगणक एक संख्या साठवायला ३२ घरं देतात. एकेका घराला बिट म्हणतात. त्यातलं एक घर अधिक-उणे दाखवायला जातं, राहिली ३१. या ३१ घरांत सर्वांत मोठी संख्या कोणती मावेल? सगळ्या घरांत १ भरा. २१४७४८३६४७! त्यात आणखी एक मिळवला, की जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९९९९ नंतर ००००० वर जायचा तसं काहीसं होतं. फक्त इथं शून्य न येता उणे २१४७४८३६४८ येतं, कारण हातचा थेट अधिक-उण्याच्या घरात जाऊन बसतो.

कोरियन गायक साय याचं ‘गंगनम स्टाइल’ हे गाणं तुमच्या दादा-ताईंना नक्की आठवत असेल. त्यावर नाचला नाही असा माणूस तेव्हा शोधावा लागे. ते गाणं लोकांनी इतक्या वेळा पाहिलं, की डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबनं जाहीर केलं: एखादा व्हिडिओ २१४७४८३६४७ पेक्षा जास्त वेळा पाहिला जाईल असं आम्हाला वाटलंच नव्हतं, आता मोजणीसाठी ३२ ऐवजी ६४ घरं दिली आहेत.

दुसरी गोष्ट घड्याळाची. पुष्कळ संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या सुरुवातीपासून किती सेकंद झाले अशी. हे सेकंद ३१ घरांत साठवले असतील, तर ते १९ जानेवारी २०३८ ला भरतील. तेव्हा भारतात मंगळवारची सकाळ असेल, ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला ज्या जुन्या यंत्रांत दुरुस्ती झालेली नसेल, त्यांना डिसेंबर १९०१ चालू आहे असं वाटेल! म्हणूनच जगभरातले संगणक अभियंते आधीपासून ही घड्याळं ६४ घरांवर नेण्याच्या कामाला लागले आहेत. तुमच्यातल्या कुणाला मोठेपणी हेच काम मिळेल कदाचित.

या दोन गोष्टींत आपली संख्या मूळ आहे की नाही यानं फरक पडत नाही. तिसरीत मात्र पडतो, आणि ती मला सर्वांत आवडते. मोबाइलवरच्या सापशिडीत फासा पडतो, तो कोण टाकतं? संगणकाला फासा टाकता येत नाही, तो गणित करतो. लहान नमुना बघू. ७ घ्या. १ पासून सुरुवात करून दर वेळी ३ ने गुणा आणि ७ ने भागून बाकी ठेवा: ३, २, ६, ४, ५, १. बघा, १ ते ६ सगळे आले, एकदाच आले, आणि क्रम विस्कटलेला! हे जमलं, कारण ७ मूळ आहे आणि ३ हा गुणक नीट निवडला आहे. २ ने गुणलं असतं तर २, ४, १ यातच अडकून पडलो असतो.

आता ७ च्या जागी २१४७४८३६४७ ठेवा आणि ३ च्या जागी १६८०७, म्हणजे ७ × ७ × ७ × ७ × ७. सुरुवात १ ने करा. येतात: १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३, मग ९८४९४३६५८… एकही पुन्हा न येता २१४७४८३६४६ पायऱ्या, आणि मग परत १. ही पद्धत अमेरिकन गणिती डेरिक लेमर यांच्या कल्पनेवर उभी आहे, आणि संगणकांनी ती वर्षानुवर्षं वापरली. आता त्याहून चांगल्या पद्धती आहेत, पण विस्कटलेले आकडे मिळवण्यासाठी कितीतरी प्रोग्राममध्ये ऑयलर यांची संख्या राबली आहे.

लेमर यांचं नाव आलंच आहे, तर त्यांच्याशी जोडलेली, एकांच्या रांगांसाठीची एक कसोटी तुम्हाला देतो. मुळात ती फ्रान्सच्या एदुआर ल्युका यांची, लेमर यांनी ती सोपी केली. ४ ने सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आणि जी संख्या तपासायची तिनं भागून बाकी ठेवा. हेच पुन्हा. रांगेची लांबी जितकी, त्याहून दोन कमी पायऱ्या करायच्या. शेवटी ० आलं तर मूळ, नाहीतर नाही. १२७ तपासू, ही ७ एकांची रांग, म्हणजे ५ पायऱ्या. ४ वरून १४. १४ वरून १९४, बाकी ६७. ६७ वरून ४४८७, बाकी ४२. ४२ वरून १७६२, बाकी १११. १११ वरून १२३१९, आणि १२३१९ = १२७ × ९७. बाकी ०! आपल्या संख्येला या कसोटीत फक्त २९ पायऱ्या लागतात. ऑयलर यांच्या हाती ही कसोटी नव्हती.

ल्युका यांनी १८७६ साली १२७ एकांची रांग मूळ आहे हे सिद्ध केलं: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. पुढची ७५ वर्षं हिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला ठाऊक नव्हती.

आता एक साखळी बघा. २ एकांची रांग ३. ३ एकांची रांग ७. ७ एकांची रांग १२७. १२७ एकांची रांग ही वरची ३९ अंकी. सगळ्या मूळ! मग वाटतं, एकांच्या रांगेतून मिळालेली मूळ संख्या जितकी, तितके एक लिहिले की मूळच मिळत असेल. आपल्या संख्येवर हे करून पाहिलं आहे. २१४७४८३६४७ एकांची रांग घेतली, तर तिला दशांश पद्धतीत ६४ कोटींहून जास्त अंक होतात. ती मूळ नाही. २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ या पंधरा अंकी संख्येनं तिला भाग जातो. या भाजकातून १ वजा करून २१४७४८३६४७ ने भागा, बरोबर १,३७,४९० येतील. फर्मांचा नियम इथंही खरा.

आणि साखळीतली पुढची कडी, म्हणजे त्या ३९ अंकी संख्येइतक्या एकांची रांग? ती मूळ आहे की नाही हे आजवर कुणालाही ठरवता आलेलं नाही. ल्युकांची कसोटी लावायची तर पायऱ्याच ३९ अंकी होतील, ते कुठल्याच संगणकाला शक्य नाही. एकच वाट उरते, ऑयलर यांची. भाजक असलाच, तर त्यातून १ वजा केल्यावर तो त्या ३९ अंकी संख्येच्या दुपटीच्या पाढ्यात असणार. शिवाय ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरणार. त्या पाढ्यातल्या कितीतरी संख्या संगणकांनी तपासल्या आहेत, आणि चोर अजून सापडलेला नाही.